ओहाराचं जाक्कोइन : जपानमधल्या जुन्या भिक्षुणी-मठाला पहिल्यांदा जाताना

क्योतोला जाणाऱ्यांच्या यादीत सोनेरी मंडप, लाल तोरणांची रांग आणि बांबूचं बन ही तीन ठिकाणं ठरलेली असतात. ओहारा हे उत्तरेकडचं खेडं यादीत आलंच, तर सानझेन-इन या देवळाच्या शेवाळी बागेसाठी येतं. ती बाग बघून झाली आणि वेळ उरला की 'तिकडे भिक्षुणींचा एक मठ पण आहे म्हणे' असं म्हणत लोक जाक्कोइनकडे वळतात. तोवर पाय बोलायला लागलेले असतात, परतीच्या बसची धाकधूक असते, आणि समोर येतं एक लहानसं, बऱ्यापैकी नवं दिसणारं लाकडी देऊळ. 'एवढंच?' म्हणून माणूस दहा मिनिटांत बाहेर पडतो.

त्यात त्याची चूक नाही. जाक्कोइनमध्ये डोळ्यांना बघायला खरंच थोडं आहे. म्हणून माझा सल्ला असा, की ओहाराला जायचं तर हा मठ आधी करा, सकाळी करा, आणि तिथली गोष्ट डोक्यात घेऊनच बस पकडा. बाकीच्या सूचना या एका गोष्टीपुढे दुय्यम आहेत, तरी त्याही पुढे देतो.

निघण्याआधी : गोष्ट माहीत करून घ्या

परंपरा सांगते की हा मठ ५९४ साली राजपुत्र शोतोकुने आपल्या वडिलांच्या, म्हणजे सम्राट योमेईच्या स्मरणार्थ स्थापन केला आणि त्याची दाईच इथली पहिली भिक्षुणी झाली. ही परंपरा आहे, कागदोपत्री पुरावा नव्हे. पण जपानमध्ये बौद्ध धर्माची सुरुवात स्त्रियांपासून झाली, हे मात्र तिथल्या जुन्या इतिहासग्रंथातच नोंदलेलं आहे. ५८४ साली प्रव्रज्या, म्हणजे संन्यासदीक्षा, घेणारी पहिली व्यक्ती होती झेनशिन नावाची मुलगी. तिच्यासोबत आणखी दोघी होत्या. पुढच्याच वर्षी धर्माच्या विरोधकांनी या मुलींची चीवरं, म्हणजे भिक्षुणीची वस्त्रं, हिसकावून त्यांना भर बाजारात फटके मारले. तरी ५८८ मध्ये त्या समुद्र ओलांडून कोरियातल्या बेकजे राज्यात विनय, म्हणजे संघाचे नियम, शिकायला गेल्या आणि ५९० मध्ये परत आल्या. आपल्याकडे कान्हेरी आणि कुडे इथल्या लेण्यांतल्या दानलेखांत भिक्षुणींची नावं वाचलेल्यांना ही परंपरा किती लांबवर पोचली होती याचा अंदाज येईल.

जाक्कोइन ओळखलं जातं ते मात्र बाराव्या शतकातल्या एका स्त्रीमुळे. तिचं नाव ताइरा नो तोकुको, पदवी केनरेइमोन-इन. जन्म ११५५ चा. बाप कियोमोरी म्हणजे त्या काळचा सर्वांत बलाढ्य सरदार. नवरा सम्राट ताकाकुरा, मुलगा सम्राट आंतोकु. ताइरा आणि मिनामोतो या दोन घराण्यांत युद्ध पेटलं, ताइरांना राजधानी सोडून पळावं लागलं, आणि ११८५ मध्ये दान-नो-उराच्या समुद्रात त्यांचा पुरता नाश झाला. आजी बालसम्राटाला कवेत घेऊन समुद्रात उतरली. तोकुकोनेही उडी घेतली, पण शत्रूच्या सैनिकांनी लांब दांड्याच्या आकड्यात तिचे केस अडकवून तिला वर ओढलं. मुलगा गेला, आई गेली, माहेर बुडालं. ही तेवढी जिवंत राहिली.

त्याच वर्षी तिने केस उतरवले आणि शरद ऋतूत ती ओहाराला येऊन जाक्कोइनशेजारच्या झोपडीत राहू लागली. पुढच्या वर्षी, ११८६ मध्ये, निवृत्त सम्राट गो-शिराकावा तिला भेटायला डोंगर ओलांडून आला. हा माणूस ताकाकुराचा बाप, म्हणजे नात्याने तिचा सासरा. आणि ताइरांवर मिनामोतोंना सोडणाराही हाच. ज्याच्या हुकमाने माहेर संपलं तो सासरा दारात उभा, आणि ही फुलांची परडी घेऊन डोंगरावरून खाली येते आहे. जपानी साहित्यात हा प्रसंग घराघरांत माहीत आहे. 'हेइके मोनोगातारी' या महाकथेचा शेवट इथेच होतो. ती कथा सुरू होते श्रावस्तीच्या जेतवन विहारातल्या घंटेच्या उल्लेखाने, आणि तिच्या शेवटच्या भागात घंटा वाजते ती जाक्कोइनची.

भेटीत ती सासऱ्याला सांगते, की माणूस मेल्यावर ज्या सहा गतींमधून फिरतो त्या मी जिवंतपणीच पाहिल्या. राजवाड्यातले दिवस म्हणजे देवलोक. राजधानी सोडून भटकणं म्हणजे मनुष्यलोक. चारी बाजूंनी पाणी असून नावेवर प्यायला थेंब नाही, हा प्रेतलोक. लढाया म्हणजे असुरलोक आणि दान-नो-उरा म्हणजे नरक. उरलेला तिर्यक् लोक, म्हणजे पशुयोनी, तिला स्वप्नात दिसतो. ताइरा घराण्यातले सगळे समुद्राच्या तळाशी नागराजाच्या महालात बसलेले असतात. बौद्ध घरांत वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. बाकीच्यांनी निदान एवढा परिच्छेद लक्षात ठेवावा.

पोचायचं कसं

ओहाराला रेल्वे जात नाही. बसला पर्याय नाही, पण बसचे दोन रस्ते आहेत.

पहिला, क्योतो स्टेशनपासून १७ नंबरची बस. ती थेट जाते, बदलाबदल नाही. मात्र शहरातून जाते म्हणून तासभर लागतो, आणि पानगळीच्या दिवसांत त्याहून कितीतरी जास्त. दुसरा, कारासुमा या भुयारी मार्गाने उत्तरेकडच्या शेवटच्या स्थानकापर्यंत, म्हणजे कोकुसाइकाइकानपर्यंत जायचं आणि तिथून १९ नंबरची बस घ्यायची. भुयारी रेल्वेला वीसेक मिनिटं, बसला वीस-पंचवीस. शहरातली कोंडी पूर्ण टळते. सामान नसेल तर मी डोळे मिटून दुसरा रस्ता सांगेन.

इथे नवख्यांचा एक गोंधळ हमखास होतो. क्योतोत हिरव्या रंगाच्या महापालिकेच्या बस वेगळ्या आणि 'क्योतो बस' ही कंपनी वेगळी. ओहाराला जाते ती दुसरी. दोन्हींचे आकडे सारखे असू शकतात, त्यामुळे नुसता १७ बघून चढू नका. पाटीवर 大原 ही दोन अक्षरं आहेत का ते पाहा.

बसमध्ये मागच्या दाराने चढायचं. दाराशी यंत्रातून आकड्याची एक चिठ्ठी बाहेर येते, ती घ्यायची. ओहाराचं भाडं अंतरावर आहे, आणि चालकाच्या डोक्यावरच्या फलकावर तुमच्या चिठ्ठीच्या आकड्याखाली रक्कम वाढत जाताना दिसते. उतरताना पुढच्या दाराशी चिठ्ठी आणि पैसे एकत्र पेटीत टाकायचे. सुटे नसतील तर त्याच पेटीत हजार येनच्या नोटेचे सुटे करून मिळतात. रेल्वेचं टॅप करायचं कार्ड असेल तर चिठ्ठीची भानगड नाही, चढताना एकदा आणि उतरताना एकदा टेकवायचं. भुयारी रेल्वे आणि बस दोन्हींवर चालणारा एक दिवसाचा पास मिळतो. तो साधारण ११०० येनला आहे आणि ओहारापर्यंत चालतो. जाऊन येऊनच त्याचे पैसे जवळजवळ वसूल होतात.

मोठ्या बॅगा क्योतो स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवून या. ओहाराच्या बस थांब्यावर स्वच्छतागृह आहे, ते वापरून पुढे निघा, आणि तिथेच परतीच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. संध्याकाळी बस विरळ होतात.

थांब्यापासून मठापर्यंत

थांब्यावर उतरलेले बहुतेक लोक पूर्वेला, सानझेन-इनच्या चढाकडे वळतात. तुम्ही पश्चिमेला जा. हमरस्ता ओलांडून, ताकानो नदीचा पूल पार करून, शेतांच्या कडेकडेने पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे. दिशादर्शक पाट्या आहेत. 寂光院 ही तीन अक्षरं ओळखता आली की चुकण्याचं कारण नाही.

हा रस्ताच मला मठाचा अर्धा भाग वाटतो. जून-जुलैत गेलात तर दोन्ही बाजूंना लाल शिसोची शेतं दिसतील. वांग्यासारख्या गर्द जांभळ्या रंगाची, कातरलेल्या कडांची पानं. एक पान बोटांत चुरडलं तर तुळशीच्या जवळचा पण जरा जिऱ्याकडे झुकणारा वास येतो. (शेतातलं पान तोडू नका. बांधावर पडलेलं मिळतं.) या पानांचं पुढे काय होतं ते जेवणाच्या भागात येईल. वाटेत एक छोटा झराही लागतो, ओबोरो नो शिमिझु. जाक्कोइनला येताना तोकुकोने चांदण्यात या पाण्यात आपला चेहरा पाहिला, अशी आख्यायिका आहे. झरा इतका लहान आहे की पाटी नसती तर कुणी थांबलं नसतं.

पूर्वी या गावच्या बायका डोक्यावर जळणाच्या मोळ्या घेऊन क्योतोत विकायला जात. त्यांना ओहारामे म्हणतात. त्यांचा निळ्या कपड्यांचा पेहराव तोकुकोची सोबतीण आवा नो नाइशी हिच्यावरून आला, असं गावात सांगतात. तीही मोठ्या घरची. सरपण आणायची सवय तिला इथे येऊन लागली.

आत गेल्यावर

खालच्या चौकटीपाशी तिकीट, साधारण ६०० येन. रोख पैसे जवळ ठेवा. मठ नऊला उघडतो आणि पाचच्या सुमारास बंद होतो, हिवाळ्यात थोडा आधी. तिथून मेपलच्या झाडांखालून दगडी पायऱ्या वर जातात. उंच नाहीत, पण पावसात शेवाळामुळे निसरड्या होतात. चाकाची खुर्ची वर जाऊ शकत नाही. गुडघे दुखत असतील तर हात धरायला कुणीतरी सोबत असावं.

पुरुषांनी संकोच करण्याचं कारण नाही, मठ सगळ्यांना खुला आहे. संप्रदाय तेन्दाई. त्याचं मुख्य पीठ एन्र्याकुजी शेजारच्याच हिएइ डोंगरावर आहे. आवारात भिक्षुणींची वर्दळ दिसेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका, आणि कुणी दिसल्याच तर कॅमेरा रोखू नका. किंचित कमरेतून वाकून नमस्कार पुरे.

मुख्य सभागृहात बूट काढून जायचं. हे आपल्याला नवीन नाही. पण लाकडी फरशी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बर्फासारखी गार असते, म्हणून जाड मोजे घाला. आत फोटो काढायला बंदी आहे. गुडघे मोडून जपानी पद्धतीनेच बसलं पाहिजे असं नाही, मांडी चालते. फक्त मूर्तीकडे पाय पसरू नयेत, आणि ते आपल्याकडेही कुणी करत नाही. हात जोडून वाकायचं. टाळ्या वाजवण्याची पद्धत शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवस्थानांत असते, बौद्ध मठात नाही. 'बुद्धं सरणं' मनात म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मोठ्याने म्हणायचं असेल तर आधी विचारा.

समोरची मूर्ती जिझोची, म्हणजे आपल्या क्षितिगर्भ बोधिसत्त्वाची. मुंडण केलेल्या भिक्षूचं रूप, आणि पहिल्यांदा बघणारा दचकेल असे भडक रंग. मूर्तीच्या हातातून पाचरंगी दोऱ्या पुढे आलेल्या दिसतील. दोरी धरली की बोधिसत्त्वाशी हात जोडला गेला असं मानतात. तोकुकोनेही शेवटच्या क्षणी अमिताभ बुद्धाच्या मूर्तीच्या हाताला बांधलेली पाचरंगी दोरी धरली होती, असं कथेत आहे. सभागृहात तिची आणि आवा नो नाइशीची अशा दोन बसक्या मूर्तीही आहेत. बरेच जण जिझोला नमस्कार करून वळतात आणि त्या दोघी राहूनच जातात.

आता रंगांबद्दल. ९ मे २००० च्या पहाटे कुणीतरी या सभागृहाला आग लावली. आग लावणारा सापडला नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला उभारलेली इमारत गेली, आणि १२२९ सालची, सुमारे अडीच मीटर उंचीची जिझोची मूळ मूर्ती वरून पूर्ण करपली. पण कोसळली नाही. तिच्या पोटात ठेवलेल्या तीन हजारांहून अधिक चिमुकल्या जिझो-मूर्ती बऱ्याच अंशी वाचल्या. २००५ मध्ये नवं सभागृह झालं आणि मूळ मूर्ती घडवली तेव्हा ती जशी रंगवलेली असेल तशी नवी रंगवून बसवली. म्हणजे तुम्हाला जे 'नवं' आणि 'भडक' वाटतं ते तेराव्या शतकातल्या भक्ताने पाहिलेल्या रूपाच्या जास्त जवळचं आहे. करपलेली मूळ मूर्ती मागच्या बाजूच्या अग्निरोधक खोलीत उभी आहे. ती फक्त काही ठरावीक दिवशीच दाखवतात. तुमच्या तारखा जुळत असतील तर मठाच्या संकेतस्थळावर पाहून ठेवा, कारण माझ्या मते या सगळ्या आवारातली सर्वांत न विसरण्याजोगी गोष्ट तीच आहे. चिमुकल्या मूर्तींपैकी काही मात्र आवारातल्या छोट्या संग्रहालयात एरवीही बघायला मिळतात. ते तिकिटातच येतं, चुकवू नका.

सभागृहासमोर लहान तळं आहे आणि एक चेरीचं झाड. गो-शिराकावाने भेटीच्या वेळी या तळ्याकाठच्या चेरीवर कविता केली, अशी कथा आहे. जवळच एका जुन्या पाइनचं खोड आहे. हजार वर्षांचं म्हणून सांगत. आगीत होरपळलं आणि २००४ मध्ये वठलं. सभागृहाच्या दर्शनी भागाजवळचा लोखंडी दिवा बघा. तो सोळाव्या शतकातल्या तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाकडून, फुशिमी किल्ल्यातून आलेला, असं सांगतात.

मग थोडं मागे, झाडीत जा. तिथे शेवाळलेल्या जागेत एक दगड उभा आहे. तोकुकोची झोपडी इथे होती. झोपडीतलं काहीही उरलेलं नाही. तरी गोष्ट वाचून आलेला माणूस सर्वांत जास्त वेळ इथेच थांबतो, असं माझं निरीक्षण आहे.

बाहेर पडल्यावर मठाच्या पायऱ्यांलगत वेगळ्या पायऱ्या वर जातात. तिथे तिची समाधी आहे. ती मठाच्या ताब्यात नाही, जपानच्या राजघराण्याचं खातं तिची देखभाल करतं. प्रवेश फुकट, पण आत जाता येत नाही. दगडी कठड्याबाहेरून बघायचं. राजघराण्यातल्या समाध्यांमध्ये बौद्ध पद्धतीचा पाच थरांचा दगडी स्तूप क्वचितच दिसतो, इथे तो आहे.

शाईचा शिक्का आणि सुलेखन हवं असेल तर त्यासाठीची घडीची वही वेगळी मिळते, ती घेऊन जा. प्रवासाच्या डायरीत शिक्का मागणं त्यांना रुचत नाही, कारण त्यांच्या लेखी तो दर्शनाचा पुरावा आहे, आठवणवस्तू नव्हे.

खाणं, खास करून शाकाहाऱ्यांनी

मघाची शिसोची पानं इथे येतात. पानं, वांगी आणि मीठ एवढंच दाबून आंबवलं की शिबाझुके नावाचं जांभळं, आंबट लोणचं तयार होतं. दुःखात असलेल्या तोकुकोला गावकऱ्यांनी ते नेऊन दिलं आणि नाव तिनेच ठेवलं, असं ओहारात सांगतात. चवीला आपल्या लोणच्यांशी नातं नाही. तेल नाही, तिखट नाही, आंबटपणा आंबवण्यातून आलेला. गरम भाताबरोबर मात्र बेस्ट लागतं. दुकानांत चाखायला ठेवलेलं असतं. विकत घेताना पुडक्यामागे घटकांची यादी बघा. पारंपरिक प्रकारात वरच्या तीन गोष्टी असतात, झटपट प्रकारात व्हिनेगर, साखर आणि कधीकधी मासळीचा अर्कही. भाषांतराचं ॲप कॅमेऱ्यातून तेवढं वाचून दाखवतं.

हीच अडचण गावातल्या उदोन-सोबा या जपानी शेवयांच्या दुकानांत येते. वर फक्त भाज्या दिसल्या तरी रस्सा बहुधा सुक्या बोनितो माशाचा असतो. 'मांस नको' सांगून उपयोग होत नाही, कारण त्यांच्या मते रस्सा हे मांस नव्हेच. 'कात्सुओ-दाशी नाशी दे' असं सांगून बघा, पण प्रत्येक ठिकाणी जमेलच असं नाही. कडक शाकाहारी असाल तर दशम्या किंवा चिवडा सोबत ठेवा आणि नदीकाठी बसून खा. मठाच्या आवारात नको. कचरापेट्या जवळपास नाहीत, पिशवी परत न्यावी लागते.

कधी जावं

पानगळीचा बहर, म्हणजे नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा, सर्वांत देखणा आणि सर्वांत त्रासाचा. जायचंच असेल तर पहिल्या बसने. हिवाळ्यात ओहारा शहरापेक्षा चांगलंच गार असतं आणि बर्फ पडतं, पण गर्दी नसते. मला विचाराल तर जूनचा शेवट. पावसाळा असतो, छत्री लागते, शेवाळ फुगलेलं असतं आणि शिसो शेतात उभा असतो. जाक्कोइनला तासभर द्या, येण्याजाण्याची चाल धरून दोन. दुपारी सानझेन-इन आरामात होतं.

याच वाटेवरचे आणखी मठ

गोडी लागली तर नाराजवळच्या इकारुगात चुगुजी आहे, होर्युजी या प्रसिद्ध देवळाच्या पूर्व आवाराला अगदी चिकटून. होर्युजी बघायला गेलेले निम्मे लोक तिथपर्यंत पोचत नाहीत. तिथली सातव्या शतकातली, गालाशी बोटं नेऊन विचारात बसलेली काळीभोर बोधिसत्त्वमूर्ती एकटी तिकिटाची किंमत वसूल करते. नारा शहरातलं होक्केजी आठव्या शतकात सम्राज्ञी कोम्योने उभं केलं. तिथली अकरामुखी अवलोकितेश्वराची मूळ मूर्ती वर्षातले थोडेच दिवस दाखवतात, तेव्हा तारीख बघून जा. कामाकुराचं तोकेइजी १२८५ चं. आता तिथे भिक्षुणी नाहीत, पण नवऱ्याच्या जाचाला कंटाळून आलेल्या बायकांना तिथे आसरा आणि ठरावीक काळ राहिल्यावर काडीमोड मिळत असे. तोक्योहून हे एका दिवसात होतं. क्योतोत मुक्काम असेल तर चुगुजी आधी करा.